रॉकवाल्यांची आत्मचरित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रॉक फारसं ऐकत नाही. तरी ही पुस्तकं वाचावीत का?

खुशाल वाचा. गाणी कानावरून गेलेली असतील तर मजा वाढते, पण तशी अट नाही. कॅनडातल्या 'रश' या बँडचंच बघा. त्यांचा गायक आणि बासवादक गेडी ली याचं आत्मचरित्र २०२३ साली आलं. त्यात सगळ्यात जास्त लक्षात राहतात ते त्याचे आईवडील. पोलंडमधले ज्यू, नाझी छळछावण्यांतून जिवंत सुटलेले आणि टोरांटोला येऊन नव्याने संसार मांडलेले. मुलाचं नाव ठेवलं गॅरी, पण आईच्या तोंडून ते 'गेडी' असं यायचं. शाळासोबत्यांनी तेच उचललं आणि पुढे रेकॉर्डवरही तेच छापलं गेलं.

याच बँडचा ड्रमवादक नील पर्ट. १९९७ साली त्याची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बायको कर्करोगाने गेली. पठ्ठ्याने मोटरसायकल काढली आणि अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत भटकत अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर कापले. 'घोस्ट रायडर' (२००२) हे त्या भटकंतीचं पुस्तक. ते वाचायला 'रश'चं एकही गाणं माहीत असावं लागत नाही.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

पॅटी स्मिथचं 'जस्ट किड्स'. १९६७ साली खिशात दमडी नसताना न्यूयॉर्कला आलेली एक मुलगी, तिला भेटलेला रॉबर्ट मॅपलथॉर्प नावाचा तितकाच कफल्लक मुलगा, आणि दोघांनी एकमेकांना कलावंत व्हायला केलेली मदत. ती पुस्तकांच्या दुकानात नोकरी करते, तो माळा ओवतो, कोलाज चिकटवतो. चेल्सी हॉटेलातल्या चिमुकल्या खोलीत दोघं राहतात. पुढे तो मोठा छायाचित्रकार झाला. तिच्या 'हॉर्सेस' या पहिल्या अल्बमवरचा, जाकीट खांद्यावर टाकलेला फोटो त्याचाच. १९८९ साली तो एड्सने गेला. 'आपली गोष्ट लिहीन' असं तिने त्याला मरणापूर्वी कबूल केलं होतं. लिहायला वीस वर्षं लागली. २०१० साली पुस्तक आलं आणि त्याला अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

हे पहिलं वाचण्यात एक धोका आहे. नंतरची बरीच पुस्तकं याच्यापुढे फिकी वाटतात.

यात खरं किती आणि थापा किती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

रोलिंग स्टोन्स या बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्या 'लाइफ' (२०१०) या पुस्तकाच्या वेष्टनावरच तो सांगतो की, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, मी यातलं काही विसरलेलो नाही. ज्या माणसाने आयुष्यात काय काय शरीरात घातलं याची यादीच चार पानं होईल, त्याने हे म्हणावं! आणि त्याच पुस्तकात 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्याची हकिकत आहे. ती सुरावट त्याला झोपेत सुचली, उशाशी असलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने अर्धवट झोपेत वाजवून ठेवली आणि सकाळी त्याला काही आठवत नव्हतं. टेप मागे नेऊन ऐकली तर दोन मिनिटं गिटार आणि चाळीस मिनिटं घोरणं. म्हणजे विसरलेलं टेपने लक्षात ठेवलं.

'ब्लॅक सॅबथ' बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न जास्त प्रामाणिक. 'आय ॲम ऑझी'च्या (२००९) सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की इतरांना या गोष्टी वेगळ्या आठवत असतील आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. तर बिल वायमन, रोलिंग स्टोन्सचा बासवादक, अगदी उलट टोकाचा. लहानपणापासून रोजनिशी ठेवणारा माणूस. त्याच्या 'स्टोन अलोन'मध्ये (१९९०) कुठल्या दिवशी कुठे वाजवलं, कुणाच्या खात्यात किती पौंड शिल्लक होते, सगळं खतावणीसारखं. तारीख हवी असेल तर वायमन उघडा, करमणूक हवी असेल तर कीथ.

बॉब डिलनचं प्रकरण वेगळंच. 'क्रॉनिकल्स'चा पहिला खंड २००४ साली आला. सगळे म्हणाले, वा, काय भाषा! मग चिकित्सक वाचक मागे लागले आणि त्यांना त्यात जॅक लंडनच्या लिखाणातले, १९६१ सालच्या 'टाइम' नियतकालिकातले शब्दसमूह सापडत गेले. स्वतःची आठवण दुसऱ्याच्या शब्दांत. लोकगीतांच्या परंपरेत चाली अशाच उचलल्या जातात, असा बचाव त्याचे चाहते करतात. मला तो अर्धाच पटतो. पण पुस्तक मी तीनदा वाचलंय, हेही खरं.

थापा शेवटी कुणीतरी पकडतंच. मला जास्त कुतूहल असतं ते माणूस कशाबद्दल मूग गिळून बसलाय याचं. डिलनच्या पुस्तकात १९७०च्या आसपासचं एक प्रकरण आहे आणि १९८९च्या आसपासचं एक. दोन्हींत 'माझी बायको' येते, एकदाही नावाने येत नाही. वाचणाऱ्याला वाटेल तीच बाई. त्या दोन वेगळ्या बायका आहेत! १९६६च्या ज्या मोटरसायकल अपघातावर लोकांनी रकाने भरले, तो तिथे एखाद्या वाक्यात उरकलाय. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने १९८० साली 'आय मी माइन' हे आत्मचरित्र काढलं, आधी दोन हजार प्रतींची महागडी आवृत्ती. त्यात आपला उल्लेख जवळजवळ नाही म्हणून त्याचा बीटल्समधला जोडीदार जॉन लेनन दुखावला आणि त्याच वर्षी एका मुलाखतीत तसं बोललाही. डिसेंबरात लेननचा खून झाला.

ही पुस्तकं खरंच त्यांनीच लिहिलेली असतात का?

काही. स्मिथ, डिलन, व्हिव्ह अल्बर्टिन यांनी स्वतः लिहिलंय. ब्रूस स्प्रिंगस्टीनने 'बॉर्न टू रन' (२०१६) सुमारे सात वर्षं खपून लिहिलं, तेही वहीत, हाताने. बाकी बहुतेकांमागे आपण ज्याला शब्दांकन म्हणतो ते असतं. कीथमागे जेम्स फॉक्स, एल्टन जॉनमागे ॲलेक्सिस पेट्रिडिस, ऑझीमागे ख्रिस एअर्स.

यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' अरुण साधूंच्या शब्दांकनातूनच आपल्यापर्यंत आलं, आणि आवाज बाईंचाच ऐकू येतो. कसोटी तीच लावायची. कीथच्या पुस्तकात वाक्य मध्येच भरकटतं, शिवी येते, आणि एके ठिकाणी तर सॉसेज आणि बटाट्याच्या लगद्याची पाककृती येते. ती फॉक्सने गाळली नाही, हे त्याचं कौशल्य. शब्दांकन वाईट असेल तर प्रत्येक परिच्छेद 'त्यानंतर आम्ही' असा सुरू होतो.

पहिली शंभर-दीडशे पानं झपाट्याने वाचली, मग कंटाळा आला. माझं काही चुकतंय का?

तुमचं नाही. बहुतेक सगळ्यांचं घोडं तिथेच पेंड खातं.

बँड प्रसिद्ध होईपर्यंत लेखकाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नसतं. कीथच्या पुस्तकात युद्धानंतरचं रेशनिंग, आईचे वडील गस, त्यांच्या घरी उंचावर ठेवलेली आणि मुलाने स्वतःहून मागेपर्यंत हातात न दिलेली गिटार हे सगळं आहे. मग १९६१ साली डार्टफर्ड स्टेशनवर शाळेतला जुना ओळखीचा मुलगा भेटतो. त्याच्या काखोटीला चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड. तो मिक जॅगर, पुढे रोलिंग स्टोन्सचा गायक. इथपर्यंत कादंबरीच. गिटारवादक एरिक क्लॅप्टनचंही (२००७) तसंच. रिप्ली नावाच्या गावात ज्यांना तो आईबाप समजत होता ते आजी आणि तिचा नवरा निघाले, आणि जिला थोरली बहीण म्हणून ओळखत होता ती आई.

एकदा नाव झालं की विमान, हॉटेल, स्टेडियम, वकील. मोठ्या माणसांच्या भेटीगाठी. दिवाळी अंकातल्या सत्कारमूर्तींच्या मनोगतासारखं होतं ते. काही शहाण्यांनी हे ओळखलं. स्टिंगचं 'ब्रोकन म्युझिक' (२००३) त्याचा बँड 'द पोलिस' नावारूपाला येता येता आवरतं घेतं. रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीचं 'ॲसिड फॉर द चिल्ड्रन' (२०१९) तर बँड सुरू होतो तिथेच संपतं.

दौऱ्यावरचं एकच पुस्तक मी न चुकता सुचवतो: 'मॉट द हूपल' या बँडच्या इयन हंटरची रोजनिशी. १९७२ सालचा पाच आठवड्यांचा अमेरिका दौरा, पुस्तक १९७४चं. हा धड प्रसिद्ध नाही, धड अनोळखी नाही. गावोगावी गहाणवटीच्या दुकानांत स्वस्तात जुन्या गिटारी मिळतात का बघत हिंडतो, विमानाला घाबरतो, बायकोची आठवण काढतो. त्याच दिवशी लिहिलेलं असल्यामुळे आठवणीला स्वतःची हजामत करून यायला वेळच मिळालेला नाही.

दारू आणि ड्रग्जची पानंच्या पानं असतात. वगळली तर चालेल?

चालेल. तीन पुस्तकांनंतर ती सगळी सारखीच वाटायला लागतात. अपवाद 'स्क्रीमिंग ट्रीज' बँडचा गायक मार्क लॅनेगन याचा, 'सिंग बॅकवर्ड्स अँड वीप' (२०२०). त्यात बढाई औषधालाही नाही. वाचवत नाही इतकं उघडं.

एकाच घटनेबद्दल दोघांनी लिहिलंय अशी पुस्तकं आहेत का?

आहेत, आणि माझ्या मते खरी मौज तिथेच आहे. जोडीने वाचा.

'द बँड' याच नावाच्या बँडपासून सुरू करा. लेव्हन हेल्म, आर्कन्सॉचा शेतकऱ्याचा मुलगा, ड्रमवर बसून गाणारा. रॉबी रॉबर्टसन, टोरांटोचा, गिटारवादक आणि बहुतेक गाण्यांवर गीतकार म्हणून ज्याचं नाव आहे तो. हेल्मचं 'धिस व्हील्स ऑन फायर' १९९३ साली आलं. त्याची तक्रार साधी. आम्ही पाच जण एका खोलीत बसून गाणी घडवायचो, मग नाव एकाचं आणि मानधन एकाचं कसं? शिवाय २५ नोव्हेंबर १९७६ला सॅन फ्रान्सिस्कोत झालेली निरोपाची मैफल, मार्टिन स्कॉर्सेसीने चित्रित केलेली 'द लास्ट वॉल्ट्झ', ती त्याला नकोच होती.

रॉबर्टसनचं 'टेस्टिमनी' २०१६ साली आलं. तोवर हेल्मला जाऊन चार वर्षं झाली होती. पुस्तक देखणं आहे, हेल्मबद्दल त्यात माया आहे, धाकट्याला थोरल्या भावाबद्दल असते तशी. आणि ते कुठे थांबतं? त्या १९७६च्या मैफलीवर. नंतरची चाळीस वर्षं, म्हणजे भांडणाची सगळी वर्षं, बाहेर. मी हेल्मचं पुस्तक आधी वाचलं होतं, त्यामुळे रॉबर्टसनचं शेवटचं पान उलटल्यावर कोरा कागद आला तेव्हा मला हसूच फुटलं. न्यायनिवाडा मी करत नाही. गाण्याचं श्रेय मोजायला वजनकाटा नसतो, आणि चाल सुचणं वेगळं, तिच्यात जीव ओतणं वेगळं. पण हेल्मचा आवाज काढून 'द वेट' गाऊन बघा.

'द स्मिथ्स' या बँडची जोडी जास्त तिखट. गायक मॉरिसीचं आत्मचरित्र २०१३ साली पहिल्या दिवसापासून पेंग्विन क्लासिक्स म्हणून छापलं गेलं. होमर, टॉलस्टॉय आणि हा. प्रकरणं नाहीत, परिच्छेद संपता संपत नाहीत. मँचेस्टरच्या शाळेतल्या मारझोडीची पानं जबरदस्त आहेत. पण ड्रमवादक माइक जॉइस १९९६ साली मानधनातला पाव हिस्सा मागत कोर्टात गेला आणि जिंकला, त्या खटल्यावर मॉरिसी पानंच्या पानं दळत बसतो. गिटारवादक जॉनी मारच्या 'सेट द बॉय फ्री'मध्ये (२०१६) तोच खटला थोडक्यात येतो आणि जातो. बँडमध्ये कोण कसा असेल हे कळायला एवढं पुरे.

बायकांनी लिहिलेली पुस्तकं वेगळी असतात का?

आपल्याकडे 'आहे मनोहर तरी' आल्यावर काय खळबळ झाली होती ते आठवणाऱ्यांना हा प्रश्न पडू नये. महापुरुषाच्या घरातून तो महापुरुष कसा दिसतो, हे तिथूनच कळतं.

क्लॅप्टनचं 'लैला' हे गाणं जिच्यासाठी लिहिलं गेलं ती पॅटी बॉइड. आधी हॅरिसनची बायको, मग क्लॅप्टनची. क्लॅप्टनचं आणि तिचं आत्मचरित्र एकाच वर्षी, २००७ साली आलं. एकच संसार, दोन बाजू. गाण्यात जी देवी, ती घरात दारुड्याची वाट बघत बसलेली. सूझ रोटोलोचंही तसंच. डिलनच्या १९६३च्या 'फ्रीव्हीलिन' अल्बमवर बर्फातल्या रस्त्यावरून त्याचा दंड धरून चालणारी मुलगी ती. पंचेचाळीस वर्षं ती 'मुखपृष्ठावरची मुलगी' होती. २००८ साली तिने 'अ फ्रीव्हीलिन टाइम' लिहिलं. त्या दिवशी इतकी थंडी होती की एकावर एक स्वेटर आणि वर कोट घालून आपण सॉसेजसारख्या दिसत होतो, असं ती सांगते. डिलन मात्र फोटोसाठी पातळ जाकिटात कुडकुडत होता.

स्वतः वाजवणाऱ्या बायकांमध्ये माझी आवडती 'द स्लिट्स'ची गिटारवादक व्हिव्ह अल्बर्टिन (२०१४). आत्मचरित्र लिहिणारा एक तर मूर्ख असतो किंवा कफल्लक, आणि मी थोडी थोडी दोन्ही आहे, अशी तिची सुरुवात. पुस्तकाचे भाग रेकॉर्डसारखे: साइड वन, साइड टू. पहिल्या बाजूला पंक आणि सत्तरीतलं लंडन. दुसऱ्या बाजूला बँड संपल्यावरचं आयुष्य, मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं उपचार, कर्करोग, मोडत चाललेलं लग्न आणि पन्नाशीला येताना पुन्हा हातात घेतलेली गिटार. पुरुषांच्या पुस्तकांत ही दुसरी बाजू बहुधा वाजवलीच जात नाही.

गिटार वाजवता येत नाही. तांत्रिक भाग सोडून देऊ?

अजिबात नको! दारूची पानं सोडा, ही सोडू नका.

टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथ. सतरा वर्षांचा, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं की हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची बोटांना टोपणं केली, वर जाकिटाच्या चामड्याचा तुकडा चिकटवला. जाड तारा दाबवेनात म्हणून पातळ लावल्या, आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. हेवी मेटलचा तो घनगंभीर आवाज घडण्यात या दुखऱ्या बोटांचा मोठा वाटा. 'आयर्न मॅन'मध्ये (२०११) हे तो सायकलचं पंक्चर कसं काढलं याच थाटात सांगतो.

कीथचंही तसंच. सहावी, सगळ्यात जाड तार काढून टाकायची, उरलेल्या पाच सा, प, सा, ग, प अशा लावायच्या. आपल्या कानाला लगेच कळणारी गोष्ट. 'हाँकी टाँक विमेन' पुन्हा ऐका.

या पुस्तकांचा आपल्या भागाशी काही संबंध येतो का?

ओढूनताणून आणायची गरज नाही, एक फार मोठा संबंध आहे. 'द हू' या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याचं 'हू आय ॲम' (२०१२) वाचताना नगर जिल्ह्यात पोचायला होतं. तो मेहेरबाबांचा भक्त. बाबा जन्माने पुण्याचे, समाधी अरणगावजवळच्या मेहेराबादला. 'टॉमी' हा ऐकू, बोलू, पाहू न शकणाऱ्या मुलाचा ऑपेरा मे १९६९चा. बाबांनी त्याच जानेवारीत देह ठेवला होता. 'बाबा ओ'रायली' या गाण्यातले 'बाबा' तेच. टाउनशेंड १९७२ साली मेहेराबादला येऊनही गेला. बाबांनी १९२५ साली मौन धरलं ते अखेरपर्यंत सोडलं नाही. शिष्याने पाचशे पानं लिहिली. आणि त्यातली बालपणातल्या अत्याचाराची पानं वाचताना लक्षात येतं की त्यालाही बोलायला किती वर्षं लागली.

'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याबद्दलही विचारणा होते. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये तो शिकला, पहिला बँडही तिथलाच, 'द हेक्टिक्स'. पण त्याने आत्मचरित्र लिहिलं नाही. त्याचा जोडीदार जिम हटनचं १९९४ सालचं पुस्तक आहे, त्यात बाग, मांजरं आणि आजारपण आहे. पाचगणी शोधायला जाऊ नका.

आणि १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन ऐकलेल्यांनी ब्रूस डिकिन्सनचं 'व्हॉट डझ धिस बटन डू?' (२०१७) वाचावं. गायक स्वतः वैमानिक, त्या दौऱ्यावर बँडचं बोइंग तोच चालवत होता. जन्म, लग्न, घटस्फोट यातलं काहीही लिहिणार नाही, असं त्याने सांगूनच टाकलंय. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांपेक्षा हे बरं.

इंग्रजी जड जाईल का?

ऑझी, कीथ अगदी बोलल्यासारखं. मॉरिसी जड. अडलात तर ऐका. स्मिथ आणि स्प्रिंगस्टीन यांनी आपापली पुस्तकं स्वतः वाचली आहेत. 'लाइफ'चा काही भाग जॉनी डेपने वाचलाय, काही खुद्द कीथने.

मिक जॅगरचं आत्मचरित्र कुठे मिळेल?

मिळणार नाही. ऐंशीच्या दशकात त्याने प्रकाशकाकडून आगाऊ रक्कम घेतली होती, मग परत करून टाकली. लेड झेपेलिन बँडच्या रॉबर्ट प्लँटनेही लिहिलेलं नाही. त्याच बँडच्या जिमी पेजने फोटोंचं पुस्तक केलं. पॉल मॅकार्टनीने २०२१ साली आपली १५४ गाणी वर्णानुक्रमे लावून प्रत्येकाची हकिकत सांगितली आणि यालाच आत्मचरित्र समजा म्हणाला. ते पुस्तक मांडीवर घेऊन वाचता येत नाही, टेबल लागतं.

डिलनचा दुसरा खंड कधी येणार?

२००४ सालच्या मुखपृष्ठावर 'खंड पहिला' असं छापलंय. दरम्यान २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, ते घ्यायलाही तो समारंभाला गेला नाही, पॅटी स्मिथ जाऊन गायली. मध्येच एका कडव्यात अडखळली, माफी मागितली आणि पुन्हा सुरू केलं. दुसरा खंड येईल तोवर तिचं 'एम ट्रेन' वाचा.